पहिला प्रश्न आईला नको



मूल बोलत नाही, शाळेला जायला घाबरतं, की पहिला प्रश्न येतो: आई काय करत होती? हा प्रश्न फक्त सासू विचारत नाही, मानसशास्त्रानेही विचारला. १९४३ साली लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचं वर्णन केलं. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये स्वमग्नतेचं मूळ शरीरात आहे असं मांडलं. तरी १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांनी तिचं खापर मायाहीन आईवर फोडलं! तो डाग कित्येक आयांनी सोसला.

म्हणून मुलं आणि कुटुंबं यांच्यावर उपचार करायला शिकणाऱ्या मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणावर आपली नजर हवी. हे प्रशिक्षण मोठ्या रुग्णालयांत होतं. आपल्या जिल्ह्यातलं मनोरुग्णालय रत्नागिरीला. नवरा चाकरमानी, मुंबईत. गुहागरची बाई मूल घेऊन निघाली, की तवसाळ-जयगडची फेरीबोट नाहीतर चिपळूणचा वळसा, आणि दिवसाची मजुरी बुडाली. पुढच्या खेपेला ती आली नाही, तर 'पालक सहकार्य करत नाहीत' असा शेरा मारू नये, हे शिकाऊ मुलामुलींना कोण शिकवणार?

आपली मागणी साधी आहे. प्रशिक्षणातले काही महिने तालुक्याच्या रुग्णालयात, अंगणवाडीत जावेत. घरात मारहाण होते का, हे आईला एकटीला बसवून विचारायला शिकवावं. बापालाही बोलवावं. आणि केस समजून घेताना गावातल्या आशाताईंचंही ऐकावं.