आधी भाजे, मग कार्ले



पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनं निघालं आणि मळवलीला उतरलं, की पहिला प्रश्न पडतो, वळायचं कुठं? दक्षिणेला भाज्याचा डोंगर, उत्तरेला इंद्रायणीपलीकडं कार्ल्याचा. दोन्हीकडं दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेली लेणी. बरोबर मुलं असतात, एखादं वयस्कर माणूस असतं, संध्याकाळी घरी परतायचं असतं. दोन्ही डोंगर एका दिवसात चढता येतात, पण मग पाहणं होत नाही, नुसती पायपीट होते. म्हणून ओळखीची माणसं मला विचारतात, एकच बघायचं तर कुठलं? माझं उत्तर आज कारणासकट सांगतो.

आधी कार्ल्याची बाजू. कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं स्तूप असलेलं प्रार्थनागृह, हे भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह. लांबी सुमारे ३८ मीटर, उंची सुमारे १४ मीटर. आत एकूण ३७ खांब. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, तळाशी घट, वर बसलेले हत्ती आणि त्यांवर स्वार. स्तूपामागचे सात मात्र साधे अष्टकोनी. दर्शनी भिंतीवर दानी जोडपी कोरली आहेत, बाहेर चार सिंहांचा उंच स्तंभ उभा आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं हे काम पुरं केलं, आणि जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह असं त्याचं वर्णन तिथंच कोरवून ठेवलं. आत उभं राहिलं की त्याचा अभिमान खरा वाटतो.

शिवाय लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा आईचं देऊळ. कोळी, आगरी आणि इतर अनेक घराण्यांची ही कुलदेवता. मीही कार्लं प्रथम पाहिलं ते लहानपणी, आईचं बोट धरून, देवीच्या दर्शनाला गेलो तेव्हा. नारळ, ओटी, पायऱ्यांवरची गर्दी आणि मग अचानक तो थंडगार, उंच अंधार. तो अजून अंगावर आहे.

इतकं सगळं असूनही मी सांगतो, एकच पाहायचं तर आधी भाजे पाहा.

भाजे वयानं थोरलं. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं, म्हणजे कार्ल्याच्या चैत्यगृहाहून दोन-अडीच शतकांनी जुनं. २२ लेण्यांच्या या समूहातलं चैत्यगृह कार्ल्याच्या निम्म्याहूनही कमी लांबीचं. २७ खांब, अष्टकोनी, अगदी साधे. पुढं भिंतच नाही. पिंपळपानासारखी मोठी कमान सताड उघडी. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, इतकंच?

तिथं घाई करू नका. मधोमध उभे राहा आणि एका खांबाकडं बघा. तो सरळ नाही. वरच्या टोकाला आत झुकलेला आहे. शेजारचाही तसाच, समोरचाही. असं का? लाकडी मंडप उभारताना छताचा भार बाहेर रेटतो, म्हणून सुतार मेढी आत कलत्या रोवतो. दगडात कोरलेल्या खांबाला त्याची काहीच गरज नाही; तो वरच्या-खालच्या कातळाशी एकजीवच आहे. पण कोरणाऱ्या हातांना लाकडाची सवय होती, आणि ती सवय त्यांनी दगडात जशीच्या तशी उतरवली. आता वर पाहा. कमानदार छताला लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. त्या छत पेलत नाहीत. छत तर डोंगराचंच आहे. तरी त्यांच्यावाचून घर पुरं झालं असं त्यांना वाटलं नाही. त्या लाकडावर ब्राह्मी अक्षरंही सापडली आहेत. कमानीच्या कडेच्या दगडात खाचा दिसतात. तिथं एके काळी लाकडी दर्शनी भाग बसवलेला होता. लाकूड गेलं, खाचा राहिल्या.

थोडं पुढं १४ स्तूपांचा समूह आहे, पाच आत, नऊ बाहेर. तिथं राहून गेलेल्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, ही स्मारकं. काहींवर त्यांची नावंही आहेत. शेवटच्या विहारात रथावरचा सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं दाराच्या दोन बाजूंना आहेत. लेण्यांचं तोंड पश्चिमेला, त्यामुळं दुपार कलली की ऊन आत येतं आणि घडण स्पष्ट दिसते. तीच वेळ साधा.

आता माझं म्हणणं तुमच्या लक्षात आलं असेल. कार्लं आधी पाहिलेल्या माणसाला भाजे गरीब वाटतं. मलाही कित्येक वर्षं वाटलं. पण भाजे आधी पाहिलेला माणूस पुढं कधी तरी कार्ल्याला जातो, तेव्हा त्याला खांब सरळ उभे राहिलेले दिसतात. दर्शनी भिंत लाकडाची न राहता दगडाची झालेली दिसते. दहा पिढ्यांनी दगडावर कमावलेला विश्वास त्याला डोळ्यांनी बघता येतो. नुसतं भव्य पाहण्यापेक्षा हे पाहणं मला मोलाचं वाटतं, आणि मुलांना तर ते पटकन कळतं.

कार्ल्याला जाल तेव्हा एक गोष्ट आठवणीनं करा. दाराजवळच्या ब्राह्मी अक्षरांपाशी थांबा. तिथल्या एका लेखात धेनुकाकट गावच्या सामीचं नाव आहे, वेणुवासाचा मुलगा. हे दार त्यानं केलं. त्याचा पेशा लिहिला आहे वढकी, म्हणजे सुतार. विदर्भात अजून सुताराला वाढई म्हणतात, तोच हा शब्द. दगडाचं दार, आणि करणारा सुतार. भाज्याचे कलते खांब पाहून आलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटेल.