क्रेन उतरवताना

इमारतीची पायाभरणी झाली की नारळ फुटतो, पूर्ण झाली की पेढे वाटले जातात. तिच्या शेजारी महिनोन्‌महिने उभी असलेली टॉवर क्रेन उतरवली जाते, त्या दिवसाकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. खरे तर क्रेन जोडताना आणि उतरवताना जपावे लागते, कारण तेव्हा ती अपुरी असते.

क्रेनचा मनोरा लोखंडी जाळीच्या खंडांचा. काही बनावटींत हे खंड जाड पोलादी पिनांनी एकमेकांत अडकवलेले असतात. उतरवण्याची रीत साधी आहे : वरचा खंड दुसऱ्या क्रेनने नीट पेलून धरायचा, मगच त्याच्या सांध्याच्या पिना काढायच्या. खालच्या सांध्यांना तोवर हात लावायचा नाही.

अमेरिकेतील सिएटल शहरात २७ एप्रिल २०१९ रोजी ही रीत मोडली. बहुतेक सगळ्या पिना आधीच काढल्या होत्या, असे राज्याच्या कामगार खात्याच्या चौकशीत आढळले. वाऱ्याचा झोत आला आणि मनोरा भर रस्त्यावर कोसळला. चौघे गेले. दोघे क्रेनवरचे कामगार, दोघे खालून मोटारीने जाणारे. त्या दोघांचा या कामाशी काडीचाही संबंध नव्हता. पुढे २०२४ मध्ये त्या राज्याने कायदा केला. क्रेन जोडण्या-उतरवण्यासाठी आता सरकारी परवाना लागतो.

हे दूरचे म्हणून सोडून देऊ नये. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि वीस जणांचा बळी गेला. ती टॉवर क्रेन नव्हती, पण अवजड काम उंचावरचेच होते. मेलेल्यांत पोटासाठी परप्रांतातून आलेले पुष्कळ होते.

म्हणून मागणे थोडकेच आहे. कोणती पिन केव्हा काढायची, हे निर्मात्याने दिलेल्या क्रमानुसार मजुराला कळेल अशा भाषेत आधी समजावून सांगावे. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की काम थांबावे. खालचा रस्ता तेवढा वेळ बंद ठेवावा. आपणही हॉर्न न वाजवता वळसा घ्यावा. आणि वरून एखादा मजूर ‘थांबा’ म्हणाला, तर त्याची त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)