समुद्रावरचे दिवे



वाशिमच्या व्यासपीठावर समुद्राची गोष्ट ऐकून कोणी हसेल. हसावे. पण लहानपणी आम्ही कापसाच्या गाड्या रात्री जिनाकडे निघालेल्या पाहिल्या आहेत. गाडीखाली कंदील लोंबकळत असे, पुढचा गाडीवान तेवढा जागा, मागचे निजलेले. बैल वाट ओळखत. जहाजाला बैल नसतात!

रात्री जहाजाच्या डाव्या अंगास लाल दिवा, उजव्यास हिरवा, डोलकाठीवर पुढे पांढरा व मागल्या टोकास पांढरा. समोर लाल-हिरवा दोन्ही दिसले तर ते जहाज सरळ आपल्यावर येत आहे. दोघांनीही उजवीकडे वळावे. उजव्या अंगास नुसता लाल दिसला तर ते आपली वाट आडवी कापीत आहे. वाट आपण द्यावी. दुसऱ्याने आपली दिशा व वेग राखावा. मात्र पहिला वळतच नाही असे दिसले, तर दुसऱ्यानेही हालचाल करावी. ‘वाट माझी होती’ म्हणून बुडण्याची मुभा कोणालाच नाही. जवळ येणाऱ्या दिव्याचा रोख बदलत नसेल तर टक्कर होणार, ही खूण खलाशी पहिल्यापासून शिकतो.

हे नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून जगभर लागू झाले. तरी ७ ऑगस्ट २०१० रोजी, भर सकाळी, मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ कलंडले, शेकडो कंटेनर पाण्यात गेले, तेल किनाऱ्याला लागले आणि कोळी बांधवांचा धंदा बुडाला. अपघाताचा निवाडा करणारे आम्ही कोण? पण सूर्य वर आलेला असताना केवळ दिव्यांचा हिशेब पुरत नाही, हे उघड आहे.

नियमावलीतील पाचवे कलम म्हणते, डोळ्यांनी व कानांनी अखंड पहारा ठेवावा. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. आमचा प्रश्न इतकाच, की हा डोळा किती तासांचा जागा आहे? रात्रपाळीवर तारवटलेले डोळे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. लाल दिवा त्यांना दिसतो, त्याचा अर्थ लागायला वेळ लागतो. खलाशांच्या चळवळीने हा मुद्दा लावून धरला. आज चोवीस तासांत निदान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ साली मान्य केला. आता विश्रांतीच्या तासांची नोंदवही जहाजावर असते. कागदावर झोप लिहिणे मात्र फार सोपे, हे आमच्या हजेरीपटांवरून कोणीही ओळखील.

येथील कोणाचा मुलगा जहाजावर जात असेल तर त्याला एवढे सांगावे : त्या नोंदीची सहीची प्रत खलाशाला मिळाली पाहिजे, असे करारात लिहिले आहे. ती मागून घे, आणि सही करण्यापूर्वी वाच.