गळ्याची गाठ : मोठ्या डॉक्टरांकडे जाताना

गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली की घरात आधी कॅन्सरचंच नाव निघतं. पण 100 पैकी 90 हून जास्त गाठी साध्या असतात. तेव्हा घाबरून तारीख चुकवायची नाही.

गटातली कुणी जिल्ह्याला निघाली की आम्ही आदल्या रात्रीच तिची पिशवी भरतो. सोनोग्राफीचा कागद, रक्ताचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्या पाकिटासकट. ‘ती पांढरी गोळी’ म्हणून डॉक्टरांना काय कळणार? रक्त पातळ करायची गोळी असेल, दिवस गेले असतील, तर आपणहून सांगायचं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही. त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. गाठ कधी दिसली, वाढली का, आवाज बसलाय का, घास अडकतो का, माहेरी कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, हे वहीत लिहायचं. माहेरचं नवऱ्याला काय ठाऊक! बोलायचं आपणच.

गाठ केवढी आहे, सुईची तपासणी लागेल का, हे विचारा. सुई बारीक असते, काही मिनिटांचं काम, टाका पडत नाही. रक्त नॉर्मल आलं तरी गाठ तपासायची राहू देऊ नका. आणि पुढची तारीख कागदावर घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.