सुटलेले पत्र



आपल्या मुलुंडच्या सोसायट्यांतून पाण्याच्या नि पार्किंगच्या कुरबुरी हल्ली ई-मेलवर चालतात. रागाने सेक्रेटरींना लिहिलेले उत्तर चुकून साऱ्या इमारतीला जाते. ते परत घेता येते, असा पुष्कळजणींचा समज आहे. वस्तुतः जीमेलमध्ये २०१५ पासून सर्वांना मिळालेली ही सोय गेलेले पत्र परत आणीत नाही. ती ते ५ सेकंद उंबरठ्यावर थोपवून धरते, एवढेच. आउटलुकमधून पत्र परत मागविता येते, पण तेही एकाच संस्थेच्या आत. तेव्हा भगिनींनो, जीमेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ५ चे ३० सेकंद आजच करून घ्या. आणि रागाचे पत्र लिहिताना पत्त्याची जागा शेवटपर्यंत कोरी ठेवा. राग घटकाभराचा, शेजार जन्माचा!