तारेवरून येणारी अक्षरे



वसंताच्या दिवसांत व्याख्यानाला येऊन बसणारा श्रोता वेदान्तापासून शेअरबाजारापर्यंत काहीही ऐकावयास तयार असतो, हे ठाऊक असल्यामुळेच आजचा विषय निवडण्याचे धाडस आम्ही केले. चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकांतील मजकूर एका तारेवरून दुसऱ्या संगणकात कसा उतरवून घ्यावा, एवढाच हा विषय. तो वरवर कारागिरीचा वाटेल, आणि बऱ्याच अंशी तो तसा आहेही. परंतु ज्यांच्या घरी किंवा शाळेत सव्वापाच इंची फ्लॉप्यांची एखादी पेटी माळ्यावर पडून आहे, त्यांना त्यातली निकड सांगावयास नको. फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ चकतीवर दिलेला चुंबकीय भुकटीचा लेप. हा लेप धरून ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे जीर्ण होते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर चकतीवर बुरशी धरते, आणि अशी चकती यंत्रात फिरू लागली की वाचणारे टोकच लेप खरवडून काढते. कित्येक चकत्या यापुढे एकदाच वाचल्या जातील. ती एक वेळ फुकट जाऊ नये, यासाठी हा खटाटोप.

उदाहरणासाठी आम्ही एकच यंत्र घेतो : बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ साली बाजारात आणले. इंग्लंडच्या शाळाशाळांतून ते पोहोचले, आणि आपल्या देशातही आले. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, आणि देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत याच जातीची यंत्रे बसविली. बत्तीस किलोबाइट स्मृती, टीव्हीसारखा पडदा, आणि एका बाजूच्या फ्लॉपीवर बरोबर १,०२,४०० अक्षरांची जागा. आजच्या फोनमधील एका छायाचित्रालाही ती अपुरी पडेल. पण मुलांनी लिहिलेले निबंध, शिक्षकांनी केलेले गणिताचे पाठ, एखाद्याचा पहिलावहिला प्रोग्राम, हे सारे त्या जागेत सुखाने मावत असे.

आता कोणी विचारील, फ्लॉपी उचलावी आणि दुसऱ्या यंत्रात घालावी, एवढे सोपे असताना तार कशाला? अडचण अशी की चकतीचा आकार सारखा असला तरी तिच्यावर लिहिण्याची रीत सारखी नसते. भाषा मराठीच, पण एक कागद मोडीत आणि दुसरा बाळबोधीत. बाळबोध वाचणारा मोडीपुढे निरक्षर ठरतो, तसाच हा प्रकार. बीबीसीची जुनी फ्लॉपी 'सिंगल डेन्सिटी' पद्धतीने लिहिलेली असते, आणि पुष्कळशा पीसी यंत्रांना ती पद्धत मुळी वाचताच येत नाही. अलीकडे चकतीवरील चुंबकीय स्पंदनेच जशीच्या तशी टिपणारी ग्रीजवीझलसारखी उपकरणे निघाली आहेत. मूळ यंत्र मेले असेल तेथे त्यांना पर्याय नाही. पण यंत्र जिवंत असेल तर त्याने स्वतःची लिपी स्वतः वाचावी आणि तारेवरून दुसऱ्याला सांगावी, हा मार्ग आम्हाला अधिक पसंत आहे. त्याला फारसा खर्च नाही, आणि जे चालले आहे ते समजते.

तार म्हणजे सीरियल तार. तिचे मानक, आरएस-२३२, अमेरिकेत १९६० साली ठरले. बीबीसीवर त्याच्या जवळचे भावंड, आरएस-४२३, आहे, आणि दोघांचे एकमेकांशी जमते. या तारेत अक्षरे एकामागून एक, आणि अक्षरातले आठ बिट्सही एकामागून एक जातात. तार स्वस्थ असते तेव्हा तिच्यावर ऋण दाब असतो. बोलावयाचे झाले की दाब धन होतो. हा 'आरंभ बिट', म्हणजे 'ऐका हो' अशी दवंडी. मग अक्षराचे आठ बिट्स, आणि शेवटी क्षणभर पुन्हा ऋण दाब, तो विरामचिन्हासारखा. म्हणजे प्रत्येक अक्षरामागे दहा बिट्स. वेग सेकंदाला १२०० बिट्स असला तर १२० अक्षरे जातात, आणि पूर्ण फ्लॉपीला सव्वाचौदा मिनिटे लागतात. वेग ९६०० केला तर तेच काम दोन मिनिटांच्या आत होते. दोन्हीकडचे वेग मात्र एकच हवेत. ते जुळले नाहीत की पडद्यावर भुताटकीची अक्षरे उमटतात, आणि नवशिक्याला वाटते की फ्लॉपीच बिघडली.

जोडणीचे मर्म एका वाक्यात सांगता येते : एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाला लावावे. पाठवणारी तार समोरच्याच्या घेणाऱ्या खुंटीला, आणि घेणारी पाठवणाऱ्या खुंटीला. तिसरी तार दोघांच्या समाईक शून्याची. एवढ्या तीन तारांवर संभाषण सुरू होते, परंतु आम्ही पाच तारांचा आग्रह धरतो. उरलेल्या दोन तारा 'थांब' आणि 'चालू दे' एवढेच सांगतात. जुने यंत्र ओळ पचवण्यात गुंतलेले असताना समोरचे नवे यंत्र भडाभडा बोलत सुटले तर मधली अक्षरे गळून जातात, आणि गळल्याचे कोणालाच कळत नाही. बीबीसीच्या या तोंडाचा पाच खुंट्यांचा गोल प्लग उलटाही बसतो, ही आणखी एक मौज. सगळे बरोबर असून काहीच घडत नसेल तर तो काढून उलटा करून पाहावा. नव्या यंत्राच्या बाजूला यूएसबीवर चालणारा जोड घ्यावा लागतो. तो घेताना खऱ्या आरएस-२३२ दाबाचाच मागावा. तीन-पाच व्होल्टचा 'टीटीएल' जोड तसाच दिसतो, पण त्याला ऋण दाब सोसत नाही. आणि एक गोष्ट तार जोडण्याच्याही आधीची : या यंत्रांच्या वीजपेटीतील जुने कॅपॅसिटर बटण दाबताच फुटतात आणि खोलीभर धूर करतात. जाणकाराकडून ते आधी बदलून घ्यावेत.

आता खरी गंमत. देवाणघेवाण करणारा प्रोग्राम जुन्या यंत्रात नाही, आणि तो ज्या फ्लॉपीवरून द्यावयाचा ती फ्लॉपी तर आपल्याला लिहिता येत नाही. मग तो आत जाणार कसा? बीबीसीच्या कर्त्यांनी याची सोय करून ठेवली आहे. कळफलकावर तारांकित 'एफएक्स ७,७' असे लिहिले की ऐकण्याचा वेग ९६०० होतो. पाठोपाठ 'एफएक्स २,१' लिहिले की यंत्र कळफलकाकडे पाठ फिरवते, आणि तारेवरून येणारे प्रत्येक अक्षर जणू समोर बसलेल्या माणसानेच टंकले आहे असे समजून घेते. मग नव्या यंत्राने प्रोग्रामच्या ओळी एकेक करून पाठवाव्यात आणि शेवटी 'एफएक्स २,०' पाठवून कळफलक परत करावा. दोन ओळी हाताने, बाकीचे सारे तारेने! हे प्रथम पाहणाऱ्याला आपोआप वाजणाऱ्या पेटीसारखे वाटते.

प्रोग्राम आत गेला की प्रश्न उरतो तो विश्वासाचा. तारेवर खरखर होते, अक्षरे बदलतात. पाठवले ते तसेच पोहोचले हे कशावरून? शिकागोचे वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली यावर एक साधी रीत काढली. तिलाच पुढे 'एक्स-मोडेम' म्हणू लागले. त्यांनी ती कोणालाही वापरता येईल अशी मोकळी सोडली, म्हणूनच ती जगभर पसरली. २०२४ च्या ऑक्टोबरात ते निवर्तले. आपल्याकडे आजी गोष्ट सांगते तेव्हा नातवाने हुंकार द्यावा लागतो. हुंकार थांबला की आजी थांबते. एक्स-मोडेमचे तत्त्व नेमके हेच आहे. सुरुवात ऐकणारा करतो : दर दहा सेकंदांनी 'सांग ना' असा लकडा लावतो. मग सांगणारा १२८ अक्षरांचा एक घास देतो. घासापुढे त्याचा क्रमांक, आणि तोच क्रमांक २५५ मधून वजा करून पुन्हा एकदा. शेवटी सगळ्या अक्षरांची बेरीज. ऐकणारा स्वतः बेरीज करून पाहतो. जमली तर हुंकार, न जमली तर नकार, आणि नकार आला की तोच घास पुन्हा. बीबीसीच्या चकतीवरील एका वर्तुळात २,५६० अक्षरे असतात, म्हणजे बरोबर वीस घास. वर्तुळ एकदाच वाचावे, स्मृतीत ठेवावे, आणि तेथूनच पाठवावे. खरखर झाली म्हणून चकती पुन्हा फिरवावी लागत नाही. जीर्ण चकतीच्या बाबतीत ही गोष्ट लाखमोलाची आहे.

बेरजेची ही तपासणी परिपूर्ण नव्हे. परटाला चौदा कपडे दिले आणि चौदाच परत आले, तरी त्यात एखादे धोतर शेजाऱ्याचे असू शकते. दोन अक्षरांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते. म्हणून पुढे सोळा बिटांची अधिक कडक तपासणी आली. ती मिळत असेल तर तीच घ्यावी. एक्स-मोडेमचे आणखी दोन दोष आहेत. ते फाइलचे नाव पाठवत नाही, आणि शेवटचा घास भरून काढण्यासाठी पदरची अक्षरे घालते. १३० अक्षरांची फाइल २५६ ची होऊन पोहोचते. शिवाय बीबीसीच्या प्रत्येक फाइलला स्मृतीत कोठे बसावयाचे याचा पत्ता असतो, तो मागेच राहतो. यास्तव सुट्या फाइली न पाठवता संपूर्ण चकतीचीच प्रतिमा उतरवावी, असे आमचे मत आहे. कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली तयार झालेली 'केर्मिट' ही रीत नाव पाठवते. अडचणीच्या चिन्हांना छापण्याजोग्या चिन्हांचा वेष देऊन ती सात बिटांच्या तारेवरूनही नेते.

सात बिटांचा उल्लेख आला म्हणून मराठीपुरते बोलतो. संगणकावर देवनागरीसाठी जे 'इस्की' मानक १९९१ साली ठरले, त्यात इंग्रजी अक्षरे १२८ च्या खाली आणि आपली सारी त्याच्या वर आहेत. 'क'चा क्रमांक १७९. तारेची मांडणी चुकून सात बिटांची राहिली तर आठवा बिट, म्हणजे नेमके १२८, गळून पडतात आणि उरतात ५१. इंग्रजी मांडणीत ५१ म्हणजे तीनचा आकडा. अशा तारेवरून 'कमल' पाठवावी तर पलीकडे 'तीन, एल, क्यू' पोहोचते. त्याच तारेने नेलेला इंग्रजी मजकूर मात्र अक्षरशः निर्दोष उतरतो, आणि त्यामुळे तपासणाऱ्याची पक्की समजूत होते की सर्व ठीक आहे. सन १९९०च्या सुमाराचे मराठी दस्तऐवज ज्यांच्यापाशी असतील त्यांनी आठ बिटांची मांडणी स्वतः डोळ्यांनी पाहावी. पुढे त्या इस्कीचे युनिकोड करणे हे निराळे काम आहे, आणि ते सावकाशीने करता येते. चकती मात्र थांबत नाही.

कोणती फ्लॉपी आधी घ्यावी, यावर आमच्या मंडळींत नेहमी वाद होतो. तरुणांचा ओढा खेळांकडे. त्या काळचे नामांकित खेळ जगात शेकडो ठिकाणी उतरवून ठेवलेले आहेत. आपली प्रत गेली तर काही बुडत नाही. पण ज्या फ्लॉपीच्या चिठ्ठीवर शाईने 'आठवी ब, गणित' एवढेच लिहिले आहे, तिची दुसरी प्रत पृथ्वीवर कोठेही नाही. तिचा नंबर पहिला.

सभा संपल्यावर शेजारच्या खोलीत यंत्र मांडून ठेवले आहे. ज्यांनी फ्लॉप्या आणल्या असतील त्यांनी त्या कागदी पाकिटासकट द्याव्यात; पाकिटावरचा मजकूरही आम्ही लिहून घेतो. चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसत असतील तर तसे आधी सांगावे, म्हणजे ती आज यंत्रात न घालता धुण्यासाठी बाजूला ठेवता येईल.