गोलाई कोठे द्यावी, कड कोठे राखावी

बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यात दुबलगुंडी नावाचे गाव आहे. त्या मुलखात, आणि पलीकडे कलबुर्गीच्या शिवेपर्यंत, दगडाने बांधून काढलेली एखादी जुनी गोल विहीर ज्यांनी पाहिली असेल, त्यांना गणितातील एक मोठे रहस्य नकळत दिसून गेलेले असते. काठावर उभे राहून पाहिले म्हणजे विहीर वाटोळी दिसते. परंतु आत उतरून एखाद्या थरावर हात फिरवावा, तो बहुतेक चिरे सरळच घडविलेले आढळतात. वाटोळेपणा दगडात नसतो, तो दगडांच्या मांडणीत असतो. गवंड्याने दोन चिऱ्यांच्या सांध्यात थोडेसे वळण दिलेले असते आणि उरलेले काम पाहणाराचा डोळा करीत असतो.

हे वळण किती बारीक असावे, याचा हिशेब करता येतो. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात आठ समान बाजूंची आकृती बसविली, तर प्रत्येक बाजूचा मध्य वर्तुळापासून सुमारे ७.६ सेंटिमीटर आत राहतो. बाजू सोळा केल्या की ही उणीव १.९ सेंटिमीटरवर येते. बत्तीस केल्या की अर्ध्या सेंटिमीटरच्याही आत, आणि चौसष्ट केल्या की जेमतेम १.२ मिलिमीटर. बाजू दुप्पट कराव्या आणि उणीव चौथाईवर यावी, असा हा नियम आहे.

हा विचार या देशाला नवा नाही. पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते, या शंकेचे उत्तर देताना भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात असे सांगितले आहे की, परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो. मग एवढ्या विस्तीर्ण पृथ्वीवरील एवढ्याशा माणसाला ती सपाट दिसली तर नवल ते काय? पुढे इ. स. १५४५ मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी लीलावतीवरील आपल्या टीकेत षट्कोनापासून प्रारंभ करून बाजू दुप्पट करीत करीत ३८४ बाजूंच्या आकृतीपर्यंत जाण्याची रीत दिली, आणि परिघ व व्यास यांचे ३९२७ ला १२५० हे गुणोत्तर तिने सिद्ध होते असे दाखविले. सरळ रेषांनी वर्तुळाला वेढा घालण्याची ही युक्ती आज ज्या यंत्राच्या पोटात अहोरात्र चालू आहे, ते यंत्र म्हणजे संगणक होय.

संगणकावर वस्तूची त्रिमिती प्रतिकृती करण्याची जी पद्धत सर्वांत रूढ आहे, तीत वक्र पृष्ठ असे काही नसतेच. असतात ते केवळ बिंदू, बिंदूंना जोडणाऱ्या सरळ कडा आणि कडांनी वेढलेले सपाट फलक. घागर असो, मोटारगाडी असो वा माणसाचा चेहरा असो, सारे काही अशा बहुभुज फलकांचे जोडकाम असते. त्यातही एक अत्यंत सोयीची क्रिया म्हणजे एखादी सपाट आकृती घेऊन तिला एका दिशेने वा एखाद्या वळणदार वाटेने पुढे ओढणे. इंग्रजीत तिला एक्स्ट्रूजन म्हणतात; मराठी घरांत तिचे उपकरण दिवाळीच्या दिवसांत माळ्यावरून खाली येते. ते उपकरण म्हणजे चकलीचा सोऱ्या. चकतीला चांदणीच्या आकाराचे भोक, वरून दाब, आणि खालून त्याच आकाराची लांबलचक दोरी. ती दोरी गोल गोल फिरवीत गेले की चकली होते. चकतीचे भोक ही मूळ आकृती. हात ज्या वळणाने फिरतो ती वाट.

संगणक हीच चकली पाडतो, परंतु सलग नव्हे, टप्प्याटप्प्याने. वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर तो चांदणीची एकेक प्रत उभी करतो आणि शेजारच्या दोन प्रतींचे बिंदू सपाट फलकांनी जोडतो. टप्पे थोडे असले तर चकली मोडक्या काड्या जोडल्यासारखी दिसते. फार केले तर फलकांची संख्या अफाट वाढून यंत्र दमते. शिवाय प्रत्येक प्रत वाटेला काटकोनात उभी राहिली पाहिजे, नाहीतर दोरी कोठे चपटी तर कोठे जाड होते. आणि वळण दोरीच्या निम्म्या जाडीपेक्षाही अधिक आवळले, तर आतल्या बाजूस लगतच्या प्रती एकमेकींत घुसतात. अशा जागी कितीही गुळगुळीत केले तरी सुरकुती जात नाही. वाटच सैल करावी लागते.

येथे गुळगुळीतपणाचा खरा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला दोन अगदी निरनिराळी उत्तरे आहेत. त्यांची गल्लत झाली की काम बिघडते.

पहिले उत्तर प्रकाशाचे आहे. अमेरिकेतील युटा विद्यापीठात आंरी गुरो यांनी १९७१ मध्ये अशी रीत मांडली की, फलक सपाट असला तरी त्याच्यावरील उजेड सपाट ठेवू नये. प्रत्येक बिंदूशी जितके फलक येऊन मिळतात, त्यांच्या दिशांची सरासरी काढावी, तीवरून त्या बिंदूवरील उजेड ठरवावा आणि एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत तो हळूहळू बदलत न्यावा. त्याच विद्यापीठात बुई तुओंग फाँग यांनी १९७३ च्या आपल्या प्रबंधात तीत सुधारणा केली: उजेडाऐवजी दिशाच क्रमाक्रमाने बदलत न्यावी, म्हणजे फलकाच्या मधोमध पडणारी चकाकीही हरवत नाही. या दोन्ही रीतींत वस्तूचा आकार केसभरही बदलत नाही. बदलतो तो केवळ तिचा देखावा. म्हणूनच अशा प्रतिकृतीची बाह्यरेषा न्याहाळली की ती अजून कोनाकोनांचीच असल्याचे उघडकीस येते. आणि त्रिमिती छपाईच्या यंत्रावर तीच वस्तू साकार केली की पडद्यावर लपलेला प्रत्येक सपाट फलक बोटाला लागतो.

दुसरे उत्तर आकाराचे आहे. चौकोनी लाकडातून लाटणे काढणारा कारागीर प्रथम चार कोपरे छाटून अष्टकोन करतो, मग आठ छाटून सोळा, आणि असे करीत गोलाईला पोहोचतो. जॉर्ज चायकिन यांनी १९७४ मध्ये वक्ररेषा काढण्यासाठी हीच कोपरे छाटण्याची रीत गणिताच्या भाषेत मांडली. १९७८ मध्ये एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी तशाच धर्तीची क्रिया पृष्ठांसाठी सिद्ध केली. प्रत्येक फलकाच्या मध्ये एक नवा बिंदू, प्रत्येक कडेवर एक नवा बिंदू, आणि जुने बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे थोडे सरकविलेले, असा तिचा क्रम. एकदा ही क्रिया झाली की सारे फलक चौकोनी होतात; पुनःपुन्हा केली की पृष्ठ खरोखरीच गोलावत जाते. मात्र लाकडाचा कारागीर जशी लाकूड झिजण्याची तयारी ठेवतो, तशीच येथेही आकार थोडा आत ओढला जाण्याची तयारी ठेवावी लागते.

दोन्ही रीती उत्तम. परंतु दोन्ही आंधळ्या आहेत. गोल करावयाचे काय आणि राखावयाचे काय, हे त्यांना कळत नाही. एखादे वर्तुळ पुढे ओढून नळकांडे केले आणि सरसकट गुळगुळीत करण्याची आज्ञा दिली, तर पहिल्या रीतीत नळकांड्याची बाजू आणि वरचे झाकण यांचाही उजेड एकमेकांत मिसळतो, व कडेजवळ मळकट डाग पडल्यासारखे दिसते. दुसऱ्या रीतीत तर कडच विरघळते आणि नळकांड्याची वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी अवस्था होते. चकलीचे काटे गेले तर तिला चकली कोण म्हणेल?

यावर उपाय आहेत, आणि ते साधे आहेत. पहिला कोनाच्या मर्यादेचा. शेजारच्या दोन फलकांत समजा ३० अंशांहून अधिक वळण असेल तर ती कड तीक्ष्ण ठेवावी, कमी असेल तर उजेड मिसळू द्यावा. आठ बाजूंच्या नळकांड्यात प्रत्येक वळण ४५ अंशांचे, म्हणून ते या मर्यादेत कोनाकोनांचेच दिसेल. सोळा बाजूंच्या नळकांड्यात ते साडेबावीस अंशांचे, म्हणून बाजू गुळगुळीत होईल आणि झाकणाची ९० अंशांची कड मात्र शाबूत राहील. आकृतीला बाजू किती द्याव्यात, हे पुढे ओढण्यापूर्वीच का ठरवावे, ते यावरून ध्यानात येईल. दुसरा उपाय राखणीचा: कडेच्या अगदी निकट आणखी एक कडांची माळ घालावी, म्हणजे छाटणी तेवढ्या अरुंद पट्टीतच आटोपते. तिसरा उपाय कडेलाच तीक्ष्णतेचे माप नेमून देण्याचा. टोनी डीरोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये तो सविस्तर मांडला; आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, पिक्सार संस्थेच्या ‘गेरीज गेम’ या लघुपटात अशा पृष्ठांचा उपयोग झाला होता. आणि हे सर्व करूनही एखादी शिवण दिसतच राहिली, तर एकाच जागी दोन बिंदू बसलेले आहेत काय ते पाहावे. ते एकत्र केल्यावाचून त्यांच्या दोहो बाजूंचा उजेड कधीच मिसळणार नाही.

हा विषय केवळ चित्रपटाच्या कारखान्यापुरता असता, तर दुबलगुंडीच्या परिसराशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नव्हते. परंतु ब्लेंडरसारखे साधन २००२ पासून सर्वांना मुक्तपणे उपलब्ध आहे, आणि अशा गावातील एखादा विद्यार्थी बिदरजवळच्या अष्टूरच्या घुमटांची प्रतिकृती घरबसल्या करू शकतो. तेथे गोलाई व कड यांचा निवाडा म्हणजे इतिहासाचा निवाडा होय. अष्टूरच्या वाटेवरील चौखंडी ही वास्तू बाहेरून अष्टकोनी आहे. तिचे कोन डोळ्याला टोचतात म्हणून नव्हेत, बांधणाराने योजले म्हणून आहेत. मर्यादेचा कोन थोडा वाढविला की संगणक तिच्या भिंती गोल भासवून मोकळा होईल. त्याहून मोठी गोष्ट हुमायूनशहा बहमनीच्या कबरीची. तिच्या घुमटाचा मोठा भाग कोसळला आहे, आणि त्या भग्न कडेवरच घुमटाची जाडी व त्याचे बांधकाम उघडे पडले आहे. गुळगुळीत करण्याच्या एका आज्ञेने ती कड मऊ झाली, तर चित्र देखणे होईल. पण जो पुरावा त्या पडझडीने अभ्यासकाच्या हाती दिला, तो प्रतिकृतीतून नाहीसा होईल. पाहणाराला तर हे कळणारही नाही, कारण गुळगुळीत वस्तू खरी वाटण्याकडे मनाचा स्वाभाविक ओढा असतो.

या बाबतीत बिदरच्याच कारागिरांचा क्रम अनुकरणीय आहे. बिदरी काम करणारा कारागीर जस्त व तांबे यांच्या मिश्रणाची सुरई ओततो, तिला कानशीने व घासकामाने प्रथम गुळगुळीत करतो, आणि मग त्या गुळगुळीत अंगावर छिन्नीने नक्षी कोरून तीत चांदी बसवितो. गोलाई आधी, रेघ नंतर. कोरलेल्या खाचेची कड बोथट झाली तर चांदी तीत धरणार नाही, हे त्याला ठाऊक असते. म्हणून खाचेत चांदी बसल्यावरच तो पुन्हा घासकामाला हात घालतो.

संगणकापुढे बसणाऱ्यानेही एवढा विवेक बाळगला म्हणजे पुरे. आकृती पुढे ओढण्यापूर्वी तिच्या कोणत्या रेषा वस्तूच्या स्वतःच्या आहेत आणि कोणत्या केवळ टप्प्यांच्या हिशेबातून आल्या आहेत, हे वेगळे करावे. टप्प्यांच्या रेषा निःशंकपणे पुसाव्यात. वस्तूच्या रेषांना धक्का लावू नये. केवळ पाहावयाचे असेल तर उजेड गुळगुळीत केल्याने भागते. परंतु हातात घ्यावयाचे, मोजावयाचे वा पुढच्या पिढीसाठी नोंदून ठेवावयाचे असेल, तर आकारच खरा असावा लागतो.